रवणीची रेघ

हॅचरी बघायची तर आधी तिथं अंघोळ करावी लागते, हे ऐकून वर्गातल्या निम्म्या पोरांची तोंडं उतरली. जानेवारीचा महिना, सकाळचे साडेसात, आणि सुप्याच्या अलीकडचा तो बोडका माळ. झाड औषधाला नाही. वारा कसा, तर कान आहेत की गळून पडले ते चाचपून बघावं.

"मॅडम, मी पहाटंच केलीया की अंघोळ," वरकुट्याचा गोकुळ काकुळतीला येऊन म्हणाला. "पाहिजे तर केस हुंगून बघा."

"गोकुळ, तुझे केस हुंगायचा पगार मला मिळत नाही," योगिनी मॅडम म्हणाल्या. "आत जा."

ही सगळी पोरं बारामतीला कुक्कुटपालनाचा सहा महिन्यांचा कोर्स करत होती आणि योगिनी मॅडम त्यांना शिकवायच्या. बाई स्वभावानं थंड, पण नियमाला पक्क्या. मागच्या तीन दिवसांत ज्यानं कोंबडीला हात लावला असेल त्यानं गाडीतच बसायचं, हे त्यांनी आठवडाभर आधी बजावलं होतं. बाहेरच्या कोंबडीचा रोग माणसाच्या अंगावरून आत गेला, तर हजारो पिल्लं एका दिवसात संपतात. थट्टा नव्हे.

अफशीनला या नियमाचं जरा हसू आलं. बावड्याच्या स्टँडजवळ तिच्या अब्बांचं, मुजम्मिलभाईंचं, चिकन आणि अंड्यांचं दुकान. घरामागं रुक्सार फुफीच्या, म्हणजे आत्याच्या, गावठी कोंबड्या. ही पोरगी रांगायला लागली तीच कोंबड्यांच्या मागं. पण गेले बारा दिवस ती बारामतीच्या हॉस्टेलात होती, आणि तिथं कोंबडी फक्त रविवारी ताटात दिसायची, तीही रश्श्यात शोधावी लागे.

कपडे, चपला, घड्याळ, मोबाइल, पेन, केसांच्या पिना, सगळं बाहेरच्या कपाटात ठेवायचं. मग साबण लावून अंघोळ. पलीकडच्या दारानं बाहेर पडलं की हॅचरीचे धुतलेले हिरवे कपडे आणि पांढरे गमबूट. ते घालून अफशीन आत आली तेव्हा सावळाराम तात्या उभे होते. साठीचे, काटक, आवाज खर्जातला. सव्वीस वर्षं ते इथली मशीन सांभाळत होते.

"हितं काय आणायचं न्हाय आन् हितनं काय न्यायचं न्हाय," तात्या म्हणाले. "निस्तं बघायचं."

त्यांनी एकेक खोली दाखवली. पहिली अंडी ठेवायची, गार. मग सेटर, म्हणजे कपाटाएवढी उबवणीची यंत्रं. त्यात अंडी अठरा दिवस राहतात. तासातासाला ट्रे आपोआप एका अंगाला कलतो, मग दुसऱ्या. पोटुशी बाई कूस बदलते तसं, असं तात्या म्हणाले आणि पोरी हसल्या. अठराव्या दिवशी प्रत्येक अंडं उजेडावर धरून बघायचं. ज्यात जीव धरला नाही ते आरपार दिसतं, ते काढून टाकायचं. उरलेली हॅचर या दुसऱ्या यंत्रात जातात. तिथं ती हलवायची नाहीत. एकविसाव्या दिवशी पिल्लं.

"तुमच्यापैकी कुणी घरी अंडी बसवलेली बघितलीत?" मॅडमनी विचारलं.

चार-पाच हात वर झाले. अफशीनला सांगायला लावलं. तिनं फुफीची सगळी पद्धत सांगितली. टोपलीत भुसा आणि चुलीतली राख घालायची. वीज कडाडली तर अंडी नासतात म्हणून लोखंडाचा एक खिळा खुपसून ठेवायचा. अंडी घालायची ती अकरा नाहीतर तेरा, जोडीनं कधी नाही. मग खुडूक कोंबडी वर बसवायची. ती रवण.

"आणि प्रत्येक अंड्याला कोळशाची रेघ ओढायची," ती म्हणाली. "दुसऱ्या कोंबड्या चोरून त्याच टोपलीत अंडी घालतात ना. रेघ नसलेलं अंडं उचलायचं. रेघ असलेल्याला हात नाही लावायचा."

"का?" कुणीतरी विचारलं.

"ते कुणाचंतरी असतं म्हणून."

सावळाराम तात्यांना हे भारी आवडलं. त्यांची आईही असंच करायची म्हणे. फुफीचा आणखी एक नियम होता, तो अफशीननं सांगितला नाही, कारण पोरं हसली असती. खुडूक कोंबडीसारखा आवाज माणसानं तोंडानं काढायचा नाही. लहानपणी अफशीन टोपलीशी बसून तो हुबेहूब काढायची, आणि फुफी पाठीत धपाटा घालायची. "ती वो देती, उलटून साद घालती. मग पिल्लं फुटली तरी उठत न्हाय. अशीच बसून राहती, वाळून मरूस्तोर."

हॅचरची खोली शेवटी होती. ऊबदार, दमट, आणि ओल्या पिसांचा वास असलेली. भिंतीला लागून पाच यंत्रं, जाड दारांची, दाराला हातभर काच. पंख्यांची घरघर आणि त्या घरघरीच्या खालून बारीक चिवचिव.

"हा विसावा दिवस," योगिनी मॅडम म्हणाल्या. "पिल्लं अजून कवचात आहेत, पण ओरडायला लागली आहेत. कोंबडी असती तर आज तिनं खालच्या अंड्यांना आवाज दिला असता आणि पिल्लांनी आतून उत्तर दिलं असतं. मशीनमध्ये आवाज द्यायला कुणी नाही. मशीनच्या पिल्लाला आई ठाऊकच नसते."

"म्हंजी आपल्या अफशीनगत," गोकुळ बोलून गेला.

तो वाईट पोरगा नव्हता, जिभेला हाड नव्हतं इतकंच. पहिल्याच आठवड्यात ओळख करून देताना अफशीननंच हसत सांगितलं होतं, की मी सातव्या महिन्यात झाले आणि बारामतीच्या दवाखान्यात चोवीस दिवस काचेच्या पेटीत होते, मी मशीनचं पिल्लू. आत्ताही ती हसली. पण लगेच तिनं तोंड यंत्राकडे वळवलं.

खरं सांगायचं तर तिला आयुष्यात एकच गोष्ट कुणाकडून तरी ऐकायची होती. तिची अम्मी, सलिमा, बाळंतपणानंतर दुसऱ्याच दिवशी गेली होती. खालच्या मजल्यावरच्या खाटेवरून तिला उठताच आलं नाही. वरच्या मजल्यावरच्या पेटीतली पोर तिनं पाहिलीच नाही. अफशीन लहान असताना विचारायची, "अब्बा, पेटीत मी एकटीच होते?" अब्बा दरवेळी तेवढंच म्हणायचे, "व्हय बेटा," आणि तोंड फिरवून काहीतरी कामाला लागायचे. मग तिनं विचारायचं सोडलं, पण सल गेला नाही. दोन किलोसुद्धा नसलेलं पोर चोवीस दिवस काचेत, आणि आवाज द्यायला कुणी नाही.

बाकीची पोरं तात्यांच्या मागं एक नंबरच्या यंत्राकडे गेली. अफशीन चार नंबरपाशी मागं राहिली. काचेतून दाराजवळचा ट्रे दिसत होता, पांढऱ्याशुभ्र अंड्यांनी भरलेला. एकाही अंड्याला अजून चीर नव्हती. तिनं दाराला कान लावला. चिवचिव येत होती.

तिनं का केलं, ते तिलाही सांगता आलं नसतं. जीभ टाळूला लावून तिनं हळूच तो आवाज काढला, फुफीच्या कोंबडीचा. कुडुक. कुडुक. कुडुक.

चिवचिव थांबली.

एक-दोन अंडी नव्हेत, सगळं यंत्रच गप्प झालं. शेजारची चालू होती, याच्यात फक्त पंखा. मग एकदम, सगळी पिल्लं मिळून, दुप्पट जोरानं ओरडली. अफशीनला इतका आनंद झाला की ती मोठ्यानं हसली. ऐकलं! मला ऐकलं!

आणि पिल्लं परत गप्प झाली, तेव्हा आतून आवाज आला.

कुडुक. कुडुक. कुडुक.

खालच्या पट्टीतला. सावकाश.

तिनं कान काढला नाही. आवाज पंख्याच्या पलीकडून नव्हता, दाराच्या अगदी लगत होता. मधे फक्त पत्र्याची जाडी. मग तो आवाजही थांबला आणि सरसर असं काहीतरी झालं. खुडूक कोंबडी पिसं फुलवून अंड्यांवर परत नीट बसते, तेव्हा जे होतं ते. अफशीननं ते शेकडो वेळा ऐकलेलं होतं. त्यात चूक होण्यासारखं काही नव्हतं.

"तात्या," ती म्हणाली. "याच्यात कोंबडी आहे."

पोरं फिस्सकन हसली. तात्या हसले नाहीत. ते आले आणि त्यांनीही कान लावला. बराच वेळ लावला. मग यंत्रावरच्या आकड्यांकडे बघितलं.

"पंख्याचं बेरिंग आसंल," ते म्हणाले.

"तात्या, हा हीटरचा दिवा का बंद आहे?" मॅडमनी विचारलं.

"सकाळधरनं लागलाच न्हाय त्यो. पर उष्णता जितल्या तितं हाय. एक कणभर हाललेली न्हाय."

"शेवटच्या दिवसांत पिल्लांचीच ऊब पुष्कळ असते," मॅडम पोरांकडे वळून म्हणाल्या. "लिहून घ्या, परीक्षेला येतं." पेनं बाहेर कपाटात होती, त्यामुळं कुणी लिहून घेतलं नाही.

"दार उघडून बघूया?" अफशीननं विचारलं.

"आज न्हाय," तात्या म्हणाले. "आत्ता उघडलं तर गार हवा आत जाती. आतला पापुद्रा वाळतो आन् पिल्लू कवचालाच चिकटून मरतं. उद्या सकाळपातुर ह्याला कुणी हात लावायचा न्हाय." मग आवाज उतरवून ते फक्त तिला म्हणाले, "पोरी, तू आवाज दिलास का आदी?"

अफशीननं मान हलवली. सगळ्यांना बाहेर काढून तात्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं, आणि ते नीट लागलं का ते दोनदा बघितलं.

बाहेर पडतानाही अंघोळ. गमबूट काढून अफशीननं पायावर पाणी घेतलं, तर डाव्या पायाच्या तळव्यावर मधोमध एक आडवी काळी रेघ. गमबुटाचा रंग लागला असणार. पण गमबूट पांढरे होते, आणि आतूनही पांढरेच होते. तिनं साबणानं घासली, रेघ गेली. गाडीत गोकुळनं तिची माफी मागितली आणि आपला अर्धा वडापाव दिला. माळावरून गाडी बारामतीकडे निघाली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं आणि पोरं गाणी म्हणत होती. अफशीनही म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती इंदापूरमार्गे बावड्याला घरी गेली. त्या दिवशी सकाळी हॉस्टेलात अंघोळ करताना तळव्यावर ती रेघ परत होती. नवी चप्पल रंग सोडत असेल, असं तिनं मनाला सांगितलं. घाई होती, एसटी सुटली असती, म्हणून नुसतं पाणी ओतलं आणि निघाली.

दुपारी ती मागच्या ओट्यावर फुफीबरोबर मेथी निवडत बसली होती, तेव्हा वर्गाच्या ग्रुपवर योगिनी मॅडमचा फोटो आला. चार नंबरमधला दाराजवळचा ट्रे. पिल्लं काढून घेतलेली आणि नुसती टरफलं उरलेली. खाली मॅडमनी लिहिलं होतं, 'ट्रेमधली सगळीच्या सगळी अंडी फुटली. एकही मागे राहिलं नाही. सावळाराम तात्या म्हणतात, सव्वीस वर्षांत असं झालेलं नाही. पण हा व्रात्यपणा कोणाचा आहे? खरं सांगा, मी रागावणार नाही.'

अफशीननं फोटो मोठा केला. प्रत्येक टरफलावर कोळशाची एक रेघ होती.

ग्रुपवर पोरांची शपथांवर शपथा चालल्या होत्या. मी नाही, मी नाही. गोकुळनं लिहिलं, 'मॅडम, दार तर बंद होतं. आणि कोळसा कुठं लपवणार, गमबुटात?'

"फुफी, हे बघ," अफशीन म्हणाली.

फुफीनं ओढणीला हात पुसून मोबाइल घेतला, डोळ्यांपासून लांब धरला. "रवणीची रेघ हाय की. कुणी वडली?"

"माहीत नाही. तू ओढतेस तशीच आहे ना?"

"माझी सरळ आसती," फुफी म्हणाली. मग तिनं फोटो परत बघितला आणि तिचा हात मांडीवर आला. "शेवटाला जरा वर वळीवलीया बघ. शेपटीवानी. आशी तुजी अम्मी वडायची. ह्या कोंबड्या तिच्याच वाणाच्या. माहेरावनं दोन आणल्या हुत्या तिनं. रेघ कशी वडायची ती मी तिच्याकडनंच शिकले, पर ती शेपटी काय मला कधी जमली न्हाय."

अब्बा दुकान अर्धं बंद करून जेवायला आले होते. दारात उभं राहून त्यांनी शेवटचं ऐकलं असावं. मोबाइल घेऊन ते खाली बसले. आतल्या चुलीवर भाकरी करपल्याचा वास आला, तरी फुफी उठली नाही.

"हे कुठलं?" त्यांनी विचारलं.

अफशीननं सांगितलं. हॅचरी, चार नंबर, बंद दार. आवाजाचं मात्र सांगितलं नाही.

"तू पेटीत हुतीस तवा," अब्बा म्हणाले, आणि थांबले. "तितली सिस्टर रोज सकाळी माज्यावर वरडायची. आत कोण शिरतंय म्हनून. पोरीच्या पायाला कोळसा कोण लावतंय, म्हनली, इन्फेक्शन झालं तर? डाव्या पायाला. तळव्यावर. पुसून काढायची, दुसऱ्या दिशी परत. मला वाटायचं रुक्सारनंच केलं आसंल, नजर लागू नये म्हनून."

"मी हितं बावड्यात हुते," फुफी म्हणाली. "मला आत कोण सोडतंय?"

"ते मला मागनं कळलं."

"अम्मीनं केलं असेल," अफशीन म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "अब्बा, अम्मी वर आली असेल एकदा. कुणाला न सांगता."

"सलिमा दुसऱ्या दिशी गेली बेटा. मीच माती दिली." अब्बांनी मोबाइल पालथा ठेवला. "रेघ तिसऱ्या दिशी पयल्यांदा दिसली. मग रोज."

अफशीनला रडू कोसळलं. दुःखाचं नव्हतं ते. वीस वर्षांचा सल एका झटक्यात निघाल्यावर येतं, ते रडू होतं. मी एकटी नव्हते. कुणीतरी रोज येत होतं, मला बघत होतं, माझ्यावर खूण करून जात होतं की ही माझी आहे, हिला हात लावू नका. अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते स्वतःही रडत होते आणि त्यांना ते कळत नव्हतं.

"का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार?" ते म्हणाले. "आन् कसं सांगणार?"

"मग थांबली कधी?"

अब्बांनी फुफीकडे बघितलं. पोरीला घरी आणल्यावर न्हाऊ-माखू फुफीच घालायची. फुफी मेथीच्या काड्या गोळा करत होती, निवडलेल्या आणि न निवडलेल्या, सगळ्या एकत्र.

"तू पयलं पाऊल टाकलंस तवा," फुफी म्हणाली. "त्याच दिशी थांबली. मी म्हणलं, चला, उठली एकदाची. पिल्लू पायावर उभं ऱ्हायलं की कोंबडीनं उठायचं आसतं." मग तिनं मान वर केली. "आफशीन. तितं मशीनपाशी तू आवाज काढलास का?"

अफशीननं पालथा मोबाइल उचलून मांडीवर घेतला.

"खरं सांग. वो आली?"

मागच्या परड्यात कोंबड्या माती उकरत होत्या. त्या एकाएकी थांबल्या. सगळ्या माना एकीकडेच वळल्या, ओट्याकडे. अफशीननं डावा पाय जवळ ओढून चप्पल काढली. रेघ सकाळपेक्षा ठळक झाली होती. शेवटाला शेपटी वर वळलेली.

फुफी उठली. तांब्याभर पाणी आणि साबणाची वडी घेऊन आली आणि पायाशी बसली. "वो दिल्यावर ती परत उठायची न्हाय," ती म्हणाली.

"राहू दे फुफी," अफशीन म्हणाली. "धुवू नकोस."

तिनं पाय खाली ठेवला. जानेवारीतली फरशी बर्फासारखी गार होती, पण त्या एका तळव्याला ती लागत नव्हती. खालून ऊब येत होती.